जुना टीएस-८३०एस घ्यावा की नाही

"मला टीएस-८३०एस घ्यायचाय," असं मी सरांना सांगितलं (हा हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, जुना संच) तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "घ्यायचाय असं सांगतोयस, की घ्यावा का असं विचारतोयस?"

मी म्हटलं, "विचारतोय."

"मग आधी मला सांग, तू रेडिओवर रोज करतोस काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला वाटलं होतं तितकं पटकन देता आलं नाही. लायसन्स मिळून पाच वर्षं झाली. इतके दिवस मी पाच वॅटच्या छोट्या रिगवर, म्हणजे रेडिओ संचावर, काम करत होतो, बहुतेक सगळं मोर्समध्ये (टिंब-डॅशच्या संकेतात), बहुतेक रात्री, आणि बहुतेक ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात. पाच वॅटवर मोर्स खूप लांब जातं, मीही गेलेलो आहे. पण बँडवर गर्दी झाली की आपण समोरच्याला अर्धवटच ऐकू येतो. तो आपल्या कॉलसाइनचं, म्हणजे हवेवरच्या नावाचं, शेवटचं अक्षर तीन-तीनदा विचारतो आणि शेवटी बिचारा ७३, म्हणजे निरोप, टाकून पुढे जातो. पाचचे शंभर वॅट झाले की १३ डेसिबल वाढतात. एक एस-युनिट (सिग्नल मीटरवरचा एक टप्पा) म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर दोन एस-युनिटांहून थोडं जास्त. ऐकायला हे थोडं वाटतं, पण गोंगाटाच्या जेमतेम खाली असणं आणि जेमतेम वर असणं यांत एवढंच अंतर असतं.

तर शंभर वॅट हवे होते हे पक्कं होतं. ते जुन्यातून घ्यायचे की नव्यातून, हे ठरत नव्हतं.

माझ्या बरोबरीचे सगळे नव्याच्या बाजूने. २०१६ मध्ये आयकॉमचा आयसी-७३०० आला आणि अँटेनाकडून येणारा सिग्नल थेट डिजिटल करून घेणारा रिग सामान्य हॅमच्या टेबलावर पोहोचला. पडद्यावर अख्खा बँड वाहताना दिसतो, यूएसबीची एक वायर लावली की एफटी८, म्हणजे कॉम्प्युटरवरून संदेश पाठवायची डिजिटल पद्धत, सुरू, ट्यून करायला काही नाही. मित्राच्या घरी मी तो वापरून पाहिला आहे आणि मला तो मनापासून आवडला. जुन्याचं कौतुक करायला नव्याला नावं ठेवायची गरज मला कधी वाटली नाही.

केनवूडचा टीएस-८३०एस १९८० चा. यात रिसीव्हर आणि बाकीचं बहुतेक सर्किट ट्रान्झिस्टरचं, पण शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) आहेत: आधी सिग्नल ढकलणाऱ्या ड्रायव्हरला एक १२बीवाय७ए आणि बाहेरची शक्ती देणाऱ्या फायनलला दोन ६१४६बी. १६० मीटरपासून १० मीटरपर्यंतचे (लहरीच्या लांबीने मोजलेले) बँड त्यात आहेत. जिनिव्हाच्या १९७९ च्या परिषदेत हॅमना मिळालेले १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झचे बँडही आहेत, आणि रिग आला तेव्हा ते सगळीकडे खुलेसुद्धा झाले नव्हते. जुना रिग पाहताना मी हे सगळ्यात आधी पाहतो. त्याच घराण्यातल्या टीएस-५२० मध्ये १८ आणि २४ मिळत नाहीत, आणि १८ मेगाहर्ट्झ नसलेला रिग घ्यायचा म्हटलं तर मी दहा वेळा विचार करीन.

सरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "रिग किती दिवस बंद आहे ते विचार. आणि आपण बरोबर गेल्याशिवाय मालकांना चालू करू देऊ नकोस."

रिग ज्या काकांकडे होता ते तीस वर्षांहून जास्त काळ हवेवर होते. कान कमी झाल्यापासून त्यांना मोर्सचा सूर नीट ऐकू येत नव्हता, आणि त्यांनी बसणंच सोडलं होतं. रिग दोन वर्षं कापडाखाली होता. फोनवर ते म्हणाले, "ये की, आत्ता लावून दाखवतो." मी घाईघाईने म्हटलं, "काका, नका लावू. आम्ही आलो की मिळून लावू." त्यांना नवल वाटलं असावं, पण त्यांनी ऐकलं.

दोन वर्षं वीज न मिळालेल्या रिगमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून सुस्तावतात. त्यांच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर, जो त्यांना कपॅसिटर बनवतो, तो झिजतो. अशा वेळी एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर गळती एवढी होते की कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतो. हळूहळू व्होल्टेज चढवलं तर तो थर पुन्हा धरतो. सर त्यांचा व्हेरिअ‍ॅक घेऊन आले होते, व्होल्टेज हळूहळू चढवता येणारा ट्रान्सफॉर्मर, चांगला जड. आधी ट्रान्सफॉर्मर कुठल्या व्होल्टेजसाठी जोडलेला आहे ते पाहिलं, फ्यूज योग्य आकड्याचा आहे ना ते पाहिलं, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरचा स्विच बंद केला, आणि पाव व्होल्टेजपासून सुरुवात केली.

त्या दीड तासात करण्यासारखं काही नव्हतं. वीस मिनिटांनी थोडं वर, पुन्हा वीस मिनिटं थांबायचं. डायलचा दिवा आधी निखाऱ्यासारखा लालसर, मग पिवळा, मग नेहमीसारखा. तापलेल्या धुळीचा वास आला, तो मला ओळखीचा होता. वार्निश जळल्याचा वास येतो का, गुणगुण वाढते का, याकडे सरांचं लक्ष होतं. तसं काही झालं नाही. मीटर एचव्हीवर, म्हणजे उच्च व्होल्टेजवर, ठेवला होता, काटा हळूहळू चढत आठशे-नऊशे व्होल्टच्या जागी येऊन थांबला. हा आकडा लिहितानाही मी सावध असतो. हे व्होल्टेज माणसाला मारू शकतं, आणि रिगचा प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही वेळ टिकतं. ज्याला उघड्या रिगमध्ये एक हात खिशात ठेवून काम करायची सवय नाही, त्याने व्हॉल्व्हचा रिग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबायचं होतं तेवढ्या वेळात काकांनी एक जुनी फाइल आणली. तिच्यात रिगचं मॅन्युअल होतं, आणि मॅन्युअलच्या पहिल्या पानाला टाचलेला एक आखीव कागद. प्रत्येक बँडसाठी एक ओळ: प्लेटच्या खुंटीचा आकडा, लोडच्या खुंटीचा आकडा, ड्राइव्हचा आकडा. सगळं पेन्सिलीने. व्हॉल्व्हच्या रिगला बँड बदलला की या खुंट्या पुन्हा जुळवाव्या लागतात. आधीचे आकडे लिहिलेले असले की जवळपास लगेच पोहोचता येतं आणि फायनलवर ताण येत नाही. ७ मेगाहर्ट्झच्या ओळीत इतकी खोडाखोड होती की कागद तिथे झिजून पातळ झाला होता. २१ ची ओळही तशीच. ३.५ आणि १४ ला एकेकदा लिहिलेले आकडे. १०, १८, २४ च्या ओळी कोऱ्या.

मी विचारलं, "काका, तुमचा डायपोल ४० मीटरचा होता ना?"

ते हसले. "कसं ओळखलंस?"

४० मीटरचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झसाठीचा, डायपोल (तारेची साधी अँटेना) २१ मेगाहर्ट्झवरही चालतो, तिथे तो तीन अर्ध-लहरींचा होतो. बाकीच्या बँडवर तो नीट बसत नाही. तीस वर्षं त्यांनी एकाच तारेवर काढली होती, आणि ते त्या कागदावर उमटलं होतं.

मला त्यातून एक उपयोगाची गोष्टही कळली. बँड स्विच ७ वर आणि २१ वर लख्ख असणार, आणि बाकीच्या जागांवर संपर्क काळे पडलेले असणार. तसंच निघालं. पूर्ण व्होल्टेजवर आल्यावर अँटेना लावली तर ७ वर रिसीव्हर जिवंत, आणि १० वर नुसती खरखर. पहिल्यांदा मला वाटलं, गेला हा बँड. सर म्हणाले, "घाबरू नकोस, फिरव." बंद करून मी स्विच वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, पुन्हा चालू केला, आणि १० मेगाहर्ट्झवर प्रमाणवेळेचे सेकंदाचे ठोके स्वच्छ ऐकू आले. न वापरलेला स्विच आणि बिघडलेला स्विच यांतला फरक एवढाच असू शकतो.

ते ठोके मला आणखी एका कामासाठी हवे होते. या रिगचा व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, कॉइल आणि कपॅसिटरचा, तापला की सरकतो. १० मेगाहर्ट्झची ती फ्रिक्वेन्सी अचूक असते. रिग नेमका तिच्यावर जुळवायचा (यालाच शून्य ठोका म्हणतात) आणि दर दहा मिनिटांनी किती सरकलं ते लिहायचं. पहिल्या अर्ध्या तासात साडेतीनशे हर्ट्झ सरकला. नंतरच्या अर्ध्या तासात पंचवीस-तीस. मोर्सला ही काही अडचण नव्हे.

एफटी८ चं काय, हा प्रश्न मित्राने विचारला होता, म्हणून घरी येऊन हिशेब केला. एफटी८ चे सूर ६.२५ हर्ट्झच्या अंतरावर असतात आणि एक प्रक्षेपण जवळपास १३ सेकंदांचं. साडेतीनशे हर्ट्झ अर्ध्या तासात म्हणजे सेकंदाला ०.२ हर्ट्झ, तेरा सेकंदांत अडीच. म्हणजे थंड रिगवरसुद्धा डिकोड व्हायला हरकत नाही, आणि तासाभराने तर प्रश्नच नाही. मला वाटलं होतं की जुना रिग व्हीएफओमुळे डिजिटलला कुचकामी ठरेल. खरी अडचण दुसरीकडे होती. मोर्समध्ये हा रिग १८० वॅट आत घेतो आणि सुमारे १०० बाहेर देतो. उरलेले ८० वॅट दोन व्हॉल्व्हच्या प्लेटवर उष्णता बनून उतरतात. मोर्समध्ये टिंबांच्या मधे मोकळा वेळ असतो, एसएसबीत, म्हणजे बोलताना, शब्दांच्या मधे. एफटी८ मध्ये तेरा सेकंद सलग प्रक्षेपण, सतराएक सेकंद थांबा, पुन्हा तेरा सेकंद. तिथे ३०-४० वॅटच्या वर जायचं नाही, एवढा नियम पाळायचा. शिवाय कॉम्प्युटरवरून फ्रिक्वेन्सी बदलायची सोय या रिगला नाही. तो हाताने फिरवायचा रिग आहे.

दुसऱ्या रविवारी ट्रान्समिट पाहिलं. अँटेनाऐवजी शक्ती पचवणारा डमी लोड लावला, हीटर चालू करून दहा मिनिटं थांबलो. न बोलता, न मोर्सची की दाबता फायनलमधून ६० मिलिअँपिअर जायला हवेत. बायसची खुंटी फिरवून तेवढे झाले. मग ७ वर की दाबली: प्लेटची खुंटी फिरवली की करंटचा काटा खाली बुडी मारतो, त्यालाच डिप म्हणतात. जिथे करंट सगळ्यात कमी, तिथेच बाहेरची शक्ती सगळ्यात जास्त असायला हवी. दोन्ही एकाच जागी आलं नाही तर न्यूट्रलायझेशन, म्हणजे व्हॉल्व्हमधून मागे फिरणारा सिग्नल रद्द करणारी जुळणी, हललेलं आहे असं समजायचं. आमच्याकडे ते जागेवर होतं.

पण दहा सेकंदांच्या आत वॉटमीटरचा काटा ९५ वरून ८० च्या खाली घसरला. सोडून पुन्हा दाबली, पुन्हा तेच. २८ मेगाहर्ट्झवर तर सुरुवातच ५० वर झाली. थकलेला व्हॉल्व्ह वरच्या बँडवर आधी उघडा पडतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. काकांना मीटर दिसत होता, ते म्हणाले, "मी तर शंभर देतोय असंच समजत होतो."

यात कोणाची चूक नव्हती. व्हॉल्व्हची कॅथोड झिजते, हा तिचा स्वभावच आहे. इतकी वर्षं ७ मेगाहर्ट्झवर रात्र रात्र चाललेली जोडी थकणारच.

त्या रात्री मी ठरवायला बसलो. मला जो विचार सतावत होता तो व्हॉल्व्हचा नव्हता. ६१४६ घराण्याचे व्हॉल्व्ह पुष्कळ बनले, जुन्या साठ्यातले अजून मिळतात, आणि नीट वापरले तर एक जोडी वर्षानुवर्षं जाते. भीती बाकीच्याची होती: आकडे दाखवणारा डिस्प्ले, त्यामागचे मोजणी करणारे आयसी, फ्रिक्वेन्सी पक्की धरणारा पीएलएल. ते गेले तर त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला रिग शोधून त्यातून काढण्याशिवाय उपाय नाही. पण मग नव्या रिगचा पडदा वीस वर्षांनी गेला तर काय? त्याचा मुख्य आयसी बनायचा थांबला तर? तिथेही उत्तर तेच. फरक एवढा की ८३०एस चा डिस्प्ले गेला तरी यांत्रिक डायल उरतो, आणि रिग हवेवर राहतो. नव्याचा पडदा गेला की अडून बसावं लागतं.

दुसरा विचार वेळेचा. नवा रिग घेतला तर त्याच संध्याकाळी बसता येईल. हा घेतला तर पहिला महिना पेचकस, स्प्रे आणि मीटर. माझ्याकडे आठवड्यातून एक सुट्टी असते. तो वेळ मला दुरुस्तीत घालवायचा आहे का? खरं सांगायचं तर हो. व्हेरिअ‍ॅकसमोरच्या त्या दीड तासात मला एकदाही कंटाळा आला नव्हता, आणि मला स्वतःबद्दल हे आधी माहीत नव्हतं.

तरीही निर्णय झाला तो तिसऱ्या रविवारी, आणि कानाने झाला. मी काकांना विनंती केली की संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर गर्दी असताना मला तासभर नुसतं ऐकू द्या. हेडफोन लावला. कव्हर उघडून पाहिलं होतं तेव्हा ८.८३ मेगाहर्ट्झच्या आयएफमध्ये (रिसीव्हरच्या मधल्या टप्प्यात) ५०० हर्ट्झचा मोर्सचा फिल्टर बसवलेला दिसला होता, ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफमधली मोर्सच्या फिल्टरची जागा मात्र मोकळी. जुना रिग घेताना हे झाकण उघडून बघावंच. समोर नॅरोचं बटण आहे म्हणून आत फिल्टर असेलच असं नाही.

एक अगदी बारीक स्टेशन होतं, हळू चालणारं, हाताने की मारणारं. त्याच्या शेजारी कोणीतरी जोरात ट्यून करत होतं, सलग शिट्टी. माझ्या छोट्या रिगवर मी तिथून निघून गेलो असतो. मी नॉचची, म्हणजे एकच सूर कापणाऱ्या फिल्टरची, खुंटी सावकाश फिरवली आणि शिट्टी खाली खाली जात बुडाली. बुडाली तेव्हा ते बारीक स्टेशन मोठं झालं. हा नॉच आयएफमध्ये आहे, एजीसीच्या, म्हणजे रिसीव्हरची संवेदनशीलता आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सर्किटच्या, आधी. म्हणून शिट्टी काढली की तिने दाबून ठेवलेला रिसीव्हर मोकळा होतो. आवाजाच्या टप्प्यावर काढली असती तर शिट्टी ऐकू आली नसती, पण रिसीव्हर दबलेलाच राहिला असता. मग व्हीबीटी थोडी आवळली. दोन आयएफमधल्या फिल्टरांच्या खिडक्या एकमेकींवर सरकवून वाट अरुंद करायची ती युक्ती. पलीकडच्या दोन स्टेशनांची कुरकुर गेली. उरला तो एक हात, त्याची लय, डॅश जरा लांबवायची त्याची सवय. मी त्याचं पूर्ण बोलणं ऐकलं. त्याच्याकडे पाऊस पडत होता आणि त्याने नुकतीच अँटेना पुन्हा उभी केली होती.

मी रोज काय करतो, या सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. मी ऐकतो. बँड डोळ्यांनी पाहायची मला ओढ नाही. मला एका वेळी एकच माणूस नीट ऐकायचा असतो. एफटी८ माझ्यासाठी पावसाळ्यातली करमणूक आहे, आणि तिला पाच वॅट पुरतात.

हेडफोन काढून मी काकांना म्हटलं, "मी घेतो." फायनलच्या नव्या जोडीचा खर्च वजा करून रक्कम ठरली, ते त्यांनीच सुचवलं. मी एकच गोष्ट वर मागितली, तो पेन्सिलीचा कागद. ते म्हणाले, "तो मॅन्युअलबरोबरच आहे, वेगळा कशाला मागतोस?"

उचलताना साडेतेरा किलो चांगलेच जाणवले. घरी आणल्यावर आठवडाभर मी फक्त ऐकलं. स्विचचे संपर्क साफ केले, मोर्स कीच्या जॅकवर मीटर लावून पाहिलं. या रिगमध्ये तिथे ऋण व्होल्टेज असतं, आणि टिंब-डॅश आपोआप बनवणारा माझा इलेक्ट्रॉनिक कीअर धन व्होल्टेजसाठी बनलेला, म्हणून मधे एक छोटा रिले टाकला. हे न बघता कीअर जोडला असता तर त्याचा आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला असता. मग सरांसमोर बसून नवी जोडी घातली. बायस पुन्हा ६० वर आणला. व्हॉल्व्ह बदलले की न्यूट्रलायझेशन पुन्हा करावं लागतं, आणि या वेळी डिप आणि कमाल शक्ती एकमेकांपासून स्पष्ट सुटलेली दिसली. इन्सुलेटेड पेचकसाने ट्रिमर केसभर फिरवत ती एका जागी आणायला पाऊण तास गेला. २८ वर ८५ वॅट आले आणि दहा सेकंद तिथेच राहिले.

त्यानंतर मी बँड स्विच १० मेगाहर्ट्झवर नेला, डमी लोडवर प्लेट आणि लोड जुळवले, आणि काकांच्या कागदावरच्या त्या कोऱ्या ओळीत पेन्सिलीने दोन आकडे लिहिले. मग अँटेना जोडली.